कमरेपर्यंतच्या नर्सबाई

आलापल्लीला उतरलं की आधी वास येतो. बसचा धूर विरतो, आणि लाकूड-डेपोतल्या कापलेल्या सागाचा तो कोरडा, जरासा कातड्यासारखा वास नाकात शिरतो. मग नागपुरात कितीही वर्षं काढलेली असोत, मी पुन्हा दोन वेण्या घातलेली मुलगी होते. या खेपेलाही झाले. पण या खेपेला त्या वासासोबत एक संताप माझ्या अंगात शिरला आणि तो अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून तर लिहायला बसले.

बस थांबते त्याच्या समोरच मीनाबाईंचं ऑनलाइन सेंटर आहे. आमच्या वेळी ती एकच खोली होती आणि तिची अर्धी बाजू त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे शिंपी मास्तरांच्या, शिवणकामाची होती. पुढे शिलाई मशीन, खाली रंगीबेरंगी चिंध्या, कोळशाची इस्त्री, आणि ओल्या कापडावर ती फिरली की उठणारी ऊबदार वाफ. मागे निळा प्लास्टिकचा पडदा. पडद्यामागे कॉम्प्युटर. त्याला मास्तरांनी उरलेल्या परकराच्या कापडाचं फुलाफुलांचं झाकण शिवलेलं होतं. मीनाबाई रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या आणि मग ते झाकण असं हलक्या हातानं काढायच्या, की आत कुणी झोपलेलं आहे असं वाटावं.

शाळा सुटली की मी आणि रंजना तिथेच असायचो. रंजना माझी मैत्रीण, माझ्याच बाकावरची. तिचं गाव डेपोच्या पलीकडे, ओढा ओलांडून. ओढ्याच्या वाटेवर सागाची कोवळी पानं चुरगाळून आम्ही तळहात लाल करायचो. माझे हात लाल झाले की मी म्हणायची, मेंदी. तिचे झाले की ती म्हणायची, रक्त. आणि मग आपल्याच हाताला पळसाचं पान बांधून, वरून वेलीची दोरी आवळून, ती मला सांगायची, "पाय हलवू नको, बाई. ताप आला का परत ये." हाताला पट्टी आणि पायाला ताकीद. गावातल्या शेळ्या, तिचा धाकटा भाऊ, वाटेवरचं पंख मोडलेलं पाखरू, सगळ्यांना तिनं बांधून ठेवलेलं होतं. त्यांच्या गावाला एक नर्सबाई सायकलवर यायच्या. त्यांच्या पेटीचा औषधी वास रंजनाच्या अंगात इतका भिनला होता, की बारावी झाल्यावर काय, हे तिला कुणी विचारायचंच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

नर्सिंगचा अर्ज त्याच सुमारास नव्यानं कॉम्प्युटरवर आला होता. कागद बंद. ज्याला अर्ज करायचा त्यानं पान उघडायचं.

पान उघडणं हा तेव्हा आलापल्लीत एक विधी होता. मीनाबाई पडदा सारून सांगायच्या, "पान लावून राह्यली व!" की मास्तर मशीनच्या पायट्यावरून पाय काढायचे. इस्त्री बाजूला व्हायची. पंखा बंद. विजेचा दाब एवढा कमी, की पंखा फिरत राहिला तर कॉम्प्युटर मान टाकायचा. खोलीत एकदम शांतता. बाहेरच्या चिंचेवरची माकडंही आम्हाला गप्प झाल्यासारखी वाटायची. उकाड्यात घाम हनुवटीवरून खाली ठिबकायचा आणि आम्ही श्वास धरून त्या काचेकडे बघत राहायचो.

आधी वर एक ओळ यायची: आपण भरलेली माहिती आपोआप जतन होते. तिच्याखाली चौकटी. नाव, वडिलांचं नाव, गाव, मार्क. आणि चौकटींच्या खाली एक फोटो हळूहळू उतरायला लागायचा, वरून खाली, भिंत सारवायला घेतल्यासारखा एकेक पट्टा. आधी आभाळ. मग कुठल्याशा दवाखान्याचं कौलारू छप्पर. मग पांढऱ्या टोप्यांची एक रांग. मग चेहरे. हसणारे, गोल, तेलकट, आपल्यासारखेच. मग खांदे. मग कमरा. आणि कमरेपाशी फोटो थांबायचा. त्याच्या खाली करडं, कोरं.

"झालं व बाई," मीनाबाई म्हणायच्या. "भर आता."

रंजनानं चौकटी भरल्या. एका बोटानं, जीभ दातात धरून. माहिती आपोआप जतन होते असं पानच सांगत होतं, तेव्हा भरणं झालं म्हणजे अर्ज झाला, असं आम्ही सगळ्यांनी मानलं. मीनाबाईंनीही मानलं. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही. जे पान कुणी कधी पुरतं पाहिलंच नाही, त्याच्या खाली आणखी काही असेल हे कुणाच्या मनात यावं कसं? जिथे कुंपण दिसतं तिथेच अंगण संपलं असं आपण मानतो.

परत येताना आमचा वाद झाला तो पायांवरून. त्या नर्सांच्या पायात काय असेल? मी म्हणाले, चपला. रंजना म्हणाली, छे, पांढरे बूट. "नर्सबाईले बूट राह्यतेच. सायकलवर येते थे बाई सोडून दे, थे आपल्या चिखलापायी चप्पल घालते." त्या दिवसापासून ती आपले शाळेतले कापडी बूट खडूनं पांढरे करायला लागली. खडू मास्तरांकडचा, कापडावर खुणा करायचा. रोज घासायची, रोज उन्हात ठेवायची.

निवड-यादीत रंजनाचं नाव लागलं नाही. त्यानंतरही दरवर्षी आमच्याकडच्या पोरींची नावं लागायची नाहीत. ज्या चंद्रपूरला जाऊन अर्ज भरायच्या त्यांची लागायची. हेडमास्तरांनी मान हलवून म्हटलं, मार्क कमी पडले असतील. रंजनाचे मार्क माझ्याएवढेच होते. मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचा अर्ज मामांकडे चंद्रपूरला सुट्टीत गेले तेव्हा भरला होता आणि माझं नाव लागलं. मी गेले. रंजना राहिली. तिचे पांढरे बूट पुढे तिच्या भावानं रोवणीच्या चिखलात घालून संपवले, हे मला तिनं कधीतरी हसत सांगितलं होतं. त्या हसण्याचा अर्थ लावायची गरज मला तेव्हा वाटली नाही. मार्क कमी पडले, असं तीच म्हणत होती ना.

मी नागपुरात सर्व्हर सांभाळते. म्हणजे लोक ज्या वेबसाइट उघडतात, त्या ज्या मशीनवर राहतात, ती मशीनं नीट चालताहेत की नाही हे बघायचं. पान अर्धं का आलं, कुठे अडलं, ते शोधायचं. काम कोरडं आहे. सागाचा वास त्यात कुठेच नाही.

तर या खेपेला बसमधून उतरले आणि मीनाबाईंना भेटायला सरळ दुकानात शिरले. मास्तर गेले, शिलाई मशीन कोपऱ्यात गेलं. मीनाबाईंचे केस पांढरे झालेत. पण निळा पडदा तोच, की तशाच रंगाचा दुसरा, आणि नव्या कॉम्प्युटरवर झाकण मात्र तेच फुलाफुलांचं. मी त्या कापडावरून हात फिरवला.

"अव, कवा आली तू? बस, बस. पाणी पे," मीनाबाई म्हणाल्या. "पाह्य, मांगं कोण बसली हाये तं."

मागे बाकावर रंजना बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, बाजूला एक उंच, सावळी पोरगी. रंजनाच्या थोरल्या भावाची मुलगी, समीक्षा. भाऊ-वहिनी वीटभट्टीवर दूर गेलेले, म्हणून पोरगी लहानपणापासून आत्याकडेच, तिच्या सासरी. रंजना धान रोवते, मोहफूल वेचते, मीनाबाईंच्या मशीनवर ब्लाउज शिवते, आणि या पोरीला वाढवते. सगळा जीव तिच्यात.

"कुठी निंगाली व?" मी विचारलं. आलापल्लीत पाय ठेवला की माझी जीभ आपोआप वळते.

"चंद्रपूरले. दुपारच्या गाडीनं. उद्या शेवटचा दिवस हाये, हिचा नर्सिंगचा फॉर्म भराचा हाये."

"इथी भरत नाई का?"

मीनाबाईंनी हात झटकला. "भराले काय होते? भरते. पण लागत नाई ना बाप्पा. थो फॉर्म चंद्रपूरले भरला तरच नाव लागते. सगळ्यायले मायीत हाये. तिथी कोणाचा तरी वशिला असन."

एवढ्या वर्षांत गावानं नियमच करून टाकला होता. नर्सिंगचा अर्ज म्हणजे चंद्रपूर. एक दिवस जायचा, एक दिवस यायचा, मजुरी बुडवायची, कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करायचा. ज्यांना जमायचं त्या जायच्या. ज्यांना जमायचं नाही त्या नर्स व्हायच्या नाहीत. इतकं साधं.

"पान लावा," मी म्हटलं.

मीनाबाईंनी झाकण काढलं. त्यांचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे गेला आणि पंखा बंद झाला. आता त्याची गरज नाही, पण हाताला कोण सांगणार? आम्ही सगळ्या गप्प झालो. वरची ओळ तीच. चौकटी त्याच. आणि फोटो, देवा, फोटोसुद्धा तोच! बदलायची गरज कुणालाच वाटली नव्हती. आभाळ, कौलं, टोप्या, चेहरे. त्यातल्या काही जणी आता नोकरीतून निवृत्तही झाल्या असतील. खांदे. कमरा. आणि कमरेपाशी फोटो थांबला.

"टावर गेला पाह्य," मीनाबाई म्हणाल्या.

मी पान पुन्हा लावलं. कमरेपाशी थांबलं. पुन्हा लावलं. कमरेपाशी. मीनाबाईंच्या कॉम्प्युटरवर, समीक्षाच्या मोबाइलवर, माझ्या मोबाइलवर, सगळीकडे त्या बाया कमरेपर्यंतच. आणि मला राग आला. कारण टॉवर गेला की पान कुठेही तुटतं. एकदा कपाळाशी, एकदा गळ्याशी, एकदा आभाळातच. वाईट रेंजला नेम नसतो. हे पान मात्र दरवेळी त्याच रेघेवर तुटत होतं, आणि माझ्या आठवणीतही त्याच रेघेवर तुटलेलं होतं. म्हणजे तोडणारा इकडे नव्हताच. तिकडे होता.

"रंजी, तू गाडीनं जायाचं नाई," मी म्हणाले. "फॉर्म इथूनच भराचा."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आपण काय पाप केलं का?"

रंजनानं पिशवी छातीशी धरली. तिचा आवाज वाढला नाही, पण धारदार झाला. "पाह्य व, तुह्या रागापायी माह्या पोरीचं नुकसान नको होऊ देऊ. तू उद्या नागपूरले जाशीन. गाडी हुकली का हिचं वर्स गेलं. माहं गेलं तसं."

ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, गाडी येईस्तोवर थांब. गाडी दिसली आणि काम झालेलं नसलं, तर मीच तुमची पिशवी उचलून वर ठेवते. ती बसली, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मी नागपूरला माझ्यासोबत काम करणाऱ्या अंकुशला फोन लावला. त्यानं पान उघडलं. "पूर्ण उघडतंय की," तो म्हणाला. "फोटोच्या खाली 'अर्ज जमा करा' असं बटण आहे."

बटण. मी रंजनाकडे पाहिलं नाही. बघवलं नाही. फोटो पूर्ण उतरल्याशिवाय खालचा भाग उघडायचाच नाही, अशी त्या पानाची रचना होती. शोभेसाठी मधे घातलेल्या एका फोटोमागे पोरींचं दार होतं.

"त्याच्या खाली आणखी काय आहे?"

"मदतीचा नंबर आहे. 'पान पूर्ण न उघडल्यास या क्रमांकावर संपर्क साधा.'"

मी हसले. मीनाबाई दचकल्या एवढ्या जोरानं हसले. ज्याला पान पूर्ण दिसत नाही त्यानं फोन करायचा, आणि फोनचा नंबर पूर्ण पानाच्या तळाशी! हे ज्यानं कुणी केलं त्याला एकदा उन्हाळ्यात आमच्या बाकावर बसवायला हवं, पंखा बंद करून.

मग मी अंकुशला त्याच्या कॉम्प्युटरची लाइन मुद्दाम धिमी करायला सांगितली. तशी सोय असते. त्यानं केली, पान पुन्हा लावलं, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "अरे, थांबलं. बायकांच्या कमरेपाशी थांबलं." नागपुरात, चांगल्या लाइनवर, थंड खोलीत बसलेल्या माणसालाही त्या बाया कमरेपर्यंतच दिसल्या. केवळ तो हळू झाला म्हणून.

आता एक आठवण मधे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मोहफुलांच्या दिवसांत रंजनाच्या गावातल्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन जंगलात जायच्या, सुट्टी असली की मीही. जमिनीवर ती ओली, गोड, जड वासाची फुलं पडलेली असायची आणि अंगालाही तोच वास लागायचा. परतताना ज्याची त्याची चाल वेगळी. रंजनाची आई पायानं अधू, ती नेहमी सगळ्यांच्या मागून. गावच्या वेशीशी करंजाखाली आंबिलीचं मडकं असायचं. पुढे आलेल्या पिऊन घ्यायच्या, आणि पहिली ओंजळ तोंडाला लावायच्या आधीच कुणीतरी ओरडायचं, "मांगून येनारीचं झाकून ठेवा व!" एका गाडग्यात तिचा वाटा काढला जायचा, त्यावर पळसाचं पान, पानावर दगड. भर उन्हातही त्याला कुणी हात लावायचं नाही. रंजनाची आई लंगडत यायची, दगड बाजूला करायची आणि सावकाश, घोट घोट प्यायची. तिला घाई करा असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

सर्व्हरलाही नेमकं हेच करायचं असतं. ज्याची लाइन वेगवान, त्याला सगळं पान एका दमात देऊन टाकायचं. ज्याची हळू, त्याला घोट घोट द्यायचं आणि उरलेलं तोवर एका जागी झाकून ठेवायचं. त्यासाठी मशीनवर एक वेगळी जागा असते. आणि कधी कधी ती जागा असते, पण वाढणाऱ्याला तिथे ठेवायची परवानगीच दिलेली नसते. मशीन उभं करताना कुणीतरी ती द्यायला विसरतं. मग वाढणारा काय करतो? हातात मावेल तेवढं देतो, आणि बाकीचं टाकून खिडकी लावून घेतो. दरवेळी हातात तेवढंच मावतं, म्हणून दरवेळी कमरेपाशी.

मी त्या मदतीच्या नंबरला फोन लावला. माझी सगळी ओळख सांगितली, काय होतंय ते सांगितलं. पलीकडचा माणूस गोड बोलत होता.

"मॅडम, तुम्ही बोलताय कुठून?"

"आलापल्लीहून."

"हां, मग बरोबर. तिकडे जंगलात रेंजचा इश्यू असतो. तुम्ही असं करा ना, जवळच्या एखाद्या शहरात जाऊन भरा."

जंगलात! इथला साग कापून नेला, त्याची दारं तुमच्या घरांना लागली, तेव्हा जंगल लांब नव्हतं. चंद्रपूरच्या कोळशावर तुमचे पंखे गरगर फिरतात, तेव्हा रस्ता नीट सापडतो. आणि एक पान तिकडून इकडे यायचं म्हटलं की मधे जंगल उभं राहतं. आमच्या पोरी नापास, आमचा टॉवर नापास, आमच्या मीनाबाई अडाणी, आणि तुमचं मशीन तेवढं पास! हे सगळं मी त्याला ऐकवलं. त्यानं घाबरून फोन दिला तो थेट सर्व्हर पाहणाऱ्याकडे.

हा माणूस थकलेल्या आवाजाचा होता, पण निदान ऐकत होता. अंकुशच्या खोलीतही पान त्याच रेघेवर तुटतंय, हे सांगितल्यावर तो जंगलाचं नाव काढायचा थांबला. मशीन आपल्या चुका ज्या फाइलीत लिहून ठेवतं, ती मी त्याला उघडायला सांगितली. बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज. इकडे रस्त्यावर कुठल्याही गाडीचा घरघराट झाला की रंजना अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची.

"मॅडम," तो म्हणाला. "इथे 'परवानगी नाही' अशा ओळी आहेत. बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे?"

"खाली सरकवतोय, सरकवतोय, संपत नाहीयेत. हे मशीन आलं तेव्हापासूनच्या आहेत. जुन्या मशीनवरची मांडणी जशीच्या तशी उचलली होती आम्ही." मग जरा ओशाळून, "आम्हाला वाटलं, किरकोळ असेल. इथे ऑफिसात तर पान उघडतं ना."

किरकोळ. त्यातल्या एकेका ओळीच्या या टोकाला कुणीतरी घाम पुसत बसलेलं होतं. कुरखेड्यात, मुलचेऱ्यात, सिरोंच्यात, कुठल्याशा सेंटरच्या बाकावर, आईला सोबत घेऊन, कुणीतरी पोरगी जीभ दातात धरून एका बोटानं आपलं नाव लिहीत होती. मशीन प्रामाणिक होतं बिचारं. ते दरवेळी लिहून ठेवत होतं की मी हिचं ठेवू शकलो नाही. वाचायचं होतं ते माणसांनी.

मी त्याला त्या जागेची परवानगी द्यायला सांगितली. अवघी एक आज्ञा असते. त्यानं ती दिली.

तेवढ्यात चंद्रपूरची गाडी आली. समोर थांबली, कंडक्टरनं दार आपटलं. रंजना पिशवी घेऊन उभी राहिली, समीक्षाचा हात धरला. "चाल," ती म्हणाली. मी म्हटलं, "एकदा पाह्य. एकदाच." फोन तसाच चालू, टेबलावर उताणा ठेवला. मीनाबाईंनी पान लावलं. पंखा बंद.

आभाळ. कौलं. टोप्या. चेहरे. खांदे. कमरा.

फोटो थांबला. मग तो पुढे सरकला. हात आले, एकमेकींत गुंफलेले. साड्यांच्या निऱ्या आल्या. आणि शेवटी पाय. धुळीनं भरलेलं अंगण आणि त्यात रांगेनं उभे असलेले पाय, कुणाच्या रबरी चपला, कुणाच्या अंगठ्याच्या, एकीची तर पट्टी तुटून सुतळीनं बांधलेली.

"बूट नाईच व कोणाले," रंजना पुटपुटली.

खाली हिरवं बटण होतं. बाहेर गाडीनं दोनदा हॉर्न दिला. रंजनानं दाराकडे पाहिलं नाही. समीक्षानं चौकटी भरल्या, भराभर, दोन्ही हातांनी, आणि बटण दाबलं. आपला अर्ज मिळाला, असं पानानं सांगितलं. मीनाबाईंनी टाळी वाजवली आणि गाडी गेली.

रंजना त्या हिरव्या बटणाच्या जागेकडेच बघत होती. तिनं पिशवी सावकाश खाली ठेवली.

"हे खालतं तवाही होतं?"

त्या वर्षीही नेमकं हेच घडलं, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. ते जुनं मशीन कधीच भंगारात गेलं असेल. पण फोटो त्याच रेघेवर तुटलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. मी म्हटलं, "होतं."

"मंग माहे मार्क?"

"मार्कापर्यंत गोष्ट गेलीच नाई, रंजी. तुहा फॉर्म पोचलाच नाई. कोणी पाह्यलाच नाई."

ती रडेल असं मला वाटलं. मीनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तर त्याच रडायला लागल्या, "मीच म्हनलं व, झालं म्हनून, मीच म्हनलं," असं म्हणत. रंजनानं त्यांचा हात धरला, थोपटला, जखम बांधून झाल्यावर थोपटतात तसा. स्वतः मात्र कोरडी. ती गावाला, नवऱ्याला, सासूला, या पोरीला इतकी वर्षं सांगत आली होती की मी कमी पडले. दरवर्षी स्वतःलाही सांगत आली होती.

टेबलावरच्या फोनमधून तो थकलेला आवाज आला. आता जरा हलका झालेला. "हॅलो? मॅडम? आता दिसतंय ना सगळं?"

रंजनानं फोन उचलला. माझ्याकडे दिला नाही.

"दिसून राह्यलं, साहेब," ती म्हणाली. "पोरीचा भरला. आता माहावाला कुठी हाये, थो पाहून सांगा."

पलीकडून काहीच आलं नाही. ती कानाला फोन लावून उभी राहिली, दाराबाहेर डेपोकडे बघत. मी वाकून फोनच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. फोन तुटला नव्हता. रेंज पूर्ण होती.